'खदीजा' नाव ठेवू की नको?

प्रश्न : आम्ही चिपळूण तालुक्यातले. माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, वजन दीड किलोसुद्धा नव्हतं. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरी आली आहे, दूध चांगलं ओढते. सासूबाईंची इच्छा आहे की तिचं नाव खदीजा ठेवावं. त्यांच्या आईचं ते नाव, गावात सगळे त्यांना खतिजाबी म्हणायचे. मलाही नाव आवडलं होतं. पण नणंदेने मोबाइलवर अर्थ शोधला, तर 'वेळेआधी जन्मलेली, अपूर्ण' असा निघाला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ज्या संकटातून पोरगी आत्ता कुठे सुटली, तेच तिला हाक मारताना रोज उच्चारायचं का? मोठी झाल्यावर तिने अर्थ विचारला तर काय सांगू? नणंद म्हणते, इनाया ठेवा, गोड आहे. सासूबाई काही बोलत नाहीत, पण गप्प गप्प असतात. मिस्टर म्हणतात, तुम्ही बायका काय ते ठरवा. नावाचा माणसावर परिणाम होतो का? मी काय करू?

उत्तर :

ताई,

लेक घरी आली, दूध ओढायला लागली, हे वाचून फार बरं वाटलं. त्या पेटीबाहेर उभं राहून काढलेले दिवस आईलाच ठाऊक असतात, आणि ते दिवस सरले तरी धास्ती लगेच सरत नाही. तुमच्या पत्रातली भीती नावापेक्षा त्या दिवसांची जास्त आहे, असं मला वाटतं. तरी प्रश्न नावाचा विचारलाय, तर उत्तर आधी देते : नाव तुमच्या मनाला आवडलेलं असेल तर खुशाल ठेवा. त्यात भिण्यासारखं काही नाही. आता का ते सांगते, आणि जरा विस्ताराने सांगते, कारण हा विषय घरात पुन्हा निघणार आणि तेव्हा तुमच्याकडे भक्कम उत्तर हवं.

पहिली गोष्ट, नणंदेने काही वावगं केलेलं नाही. भाचीसाठी अर्थ बघावासा वाटला, यात तिची मायाच आहे. तिला सापडलेला अर्थ अर्धा बरोबरही आहे. अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या मुळातून उगवतात. खदीजाचं मूळ ख-द-ज. यातला 'ख' आपल्या खटल्यातला नव्हे, घशातून घासून येणारा. हा शब्द घडला तो वाळवंटात, उंटांच्या कळपात. उंटीण साधारण तेरा महिने गाभण असते. इतक्या दिवसांची वाट पाहणं, आणि दूध, प्रवास, सगळा संसार त्या जनावरावर अवलंबून. त्यामुळे ती कधी व्याली, कशी व्याली, पिल्लू कसं निघालं, या प्रत्येक गोष्टीला अरबांकडे वेगळा शब्द होता. दिवस भरायच्या आधी उंटीण व्याली की 'खदजत' म्हणायचे.

आता नणंदेला न सापडलेला अर्धा भाग. इब्न मंझूर नावाच्या पंडिताने तेराव्या शतकात 'लिसान अल्-अरब' हा प्रचंड अरबी कोश रचला. जुन्या कोशकारांनी या मुळाखाली एक बारीक भेद नोंदवून ठेवलाय, तो अशा कोशांतून मिळतो. 'खदजत' म्हणजे दिवस पुरे व्हायच्या आधी पिल्लू झालं, मग ते अंगाने पूर्ण घडलेलं का असेना. आणि 'अखदजत' म्हणजे दिवस पुरे झाले, पण पिल्लाच्या घडणीत काही उणं राहिलं. म्हणजे एका शब्दात कमी पडलेत ते दिवस आणि दुसऱ्यात उणी आहे ती घडण. या दोन गोष्टी एकत्र कालवू नयेत, हे उंट राखणाऱ्या लोकांना इतक्या पूर्वी कळत होतं. खदीजा हे नाव पहिल्या शब्दाच्या बाजूचं. दिवस कमी पडले, एवढंच त्यात आहे.

मग 'अपूर्ण' कुठून आलं? तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी तोंडावर फेकलं तर गोंधळायला नको. याच मुळापासून 'खिदाज' असा शब्द आहे, त्याचा अर्थ उणीव. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात, तो येतो : ज्या नमाजात सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, म्हटली नाही, ती नमाज खिदाज, म्हणजे उणी राहिली. तिथे तो नमाजेबद्दल आहे, लाक्षणिक अर्थाने. मोबाइलवर नावांचे अर्थ देणारे एका मुळाचे सगळे शब्द एका ओळीत कोंबतात आणि आईच्या काळजाचा ठोका चुकतो. हेच लोक दुसऱ्या ठिकाणी खदीजाचा अर्थ 'विश्वासू', 'आदरणीय' असाही देतात. तो शब्दाच्या मुळात नाही. ते नाव मिरवलेल्या बाईच्या कर्तृत्वातून तो नावाला येऊन चिकटला. मुलीला सांगताना ही दोन्ही टोकं सांगा, काही लपवू नका.

आणि एक माहिती, जी वाचून तुम्हाला कदाचित हसू येईल. आजही अरबी बोलणाऱ्या देशांत तुमच्या लेकीसारख्या बाळांना 'अल्-अत्फाल अल्-खुद्दज' म्हणतात. खुद्दज म्हणजे दिवस भरायच्या आधी आलेली बाळं, तेच ख-द-ज. ज्या विभागात तुमची मुलगी होती, त्या विभागातला तो रोजच्या कामाचा शब्द आहे. डॉक्टर, नर्स दिवसभर तो उच्चारतात आणि ही बाळं जगवून घरी पाठवतात. सदतीस आठवड्यांच्या आत झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात, आणि जगात साधारण दहातलं एक बाळ असं असतं. 2020 साली अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली. तुमची लेक मोठ्या गोतावळ्यातली आहे.

आता त्या बाईंबद्दल, ज्यांच्यामुळे हे नाव चौदाशे वर्षं टिकलं. तुम्हाला हे घरात लहानपणापासून ऐकून माहीत असेल, पण आत्ताच्या मनःस्थितीत पुन्हा एकदा त्यांच्याकडे नीट बघावं असं मला वाटतं.

हजरत खदीजा बिन्त खुवैलिद या मक्केच्या कुरैश टोळीतल्या. इस्लामच्या आधीच्या त्या मक्केत त्या स्वतःच्या भांडवलावर व्यापार करत. काफिल्याबरोबर स्वतः जात नसत. भरवशाच्या माणसाकडे माल सोपवायचा आणि नफ्यात त्याला वाटा द्यायचा, अशी त्यांची रीत. त्यांचा माल घेऊन शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या मुलखात, गेलेल्या अशाच एका तरुणाचा प्रामाणिकपणा त्यांच्या नोकराने, मैसराने, परत आल्यावर सांगितला. त्या तरुणाशी लग्नाचा विषय खदीजा यांच्याकडूनच निघाला, नफीसा नावाच्या एका बाईच्या मध्यस्थीने. ते प्रेषित मुहम्मद. लग्न साधारण 595 सालचं. खदीजांचं वय तेव्हा चाळीस होतं असं परंपरा सांगते, काही जुन्या नोंदींत अठ्ठावीसही येतं. मक्केतले लोक त्यांना 'ताहिरा' म्हणत, म्हणजे निर्मळ चारित्र्याची. पुढे त्यांना 'कुब्रा', म्हणजे थोर, ही उपाधी मिळाली.

मला त्यांच्या आयुष्यातला जो प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो तो 610 सालचा. हिरा पर्वतावरच्या गुहेत पहिली 'वही', म्हणजे ईश्वरी संदेश, उतरली आणि प्रेषित घरी आले ते थरथरत. 'मला पांघरूण घाला, मला पांघरूण घाला,' एवढंच म्हणत होते. खदीजांनी आधी पांघरूण घातलं. थरथर थांबू दिली. मग ऐकून घेतलं. प्रेषितांना स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती, तेव्हा त्या म्हणाल्या की अल्लाह तुम्हाला कधीच खाली पाहायला लावणार नाही. तुम्ही नातीगोती सांभाळता, दुबळ्याचा भार उचलता, आल्यागेल्याचा पाहुणचार करता, अडल्यानडल्याच्या मदतीला जाता. म्हणजे धीर देताना नवऱ्याची रोजची वागणूकच त्यांनी त्याच्यासमोर पुरावा म्हणून मांडली. त्यानंतर त्या त्यांना आपल्या जाणत्या चुलतभावाकडे, वरका इब्न नौफलकडे, घेऊन गेल्या. इस्लामचा स्वीकार करणारी पहिली व्यक्ती त्याच. पुढे कुरैशांनी बनू हाशिमवर, म्हणजे प्रेषितांच्या कुळावर, बहिष्कार टाकला, तेव्हा श्रीमंतीत वाढलेल्या या बाईंनी अबू तालिबच्या घळीत उपासमार सोसली. 619 साली त्या गेल्या. त्याच सुमारास प्रेषितांचे काका अबू तालिबही गेले, म्हणून ते वर्ष 'दुःखाचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. मक्केतल्या जन्नतुल मुअल्लामध्ये त्यांची कबर आहे.

तुम्ही विचारलंय, नावाचा परिणाम होतो का. तुमच्या परंपरेतच याचं एक स्पष्ट उत्तर आहे, आणि माझ्या मते तुमच्या शंकेला सगळ्यात वजनदार उत्तर तेच. प्रेषित नावाच्या अर्थाकडे लक्ष देत असत. वाईट अर्थाची नावं त्यांनी बदलली आहेत. हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव 'आसिया' होतं, अर्थ 'अवज्ञा करणारी'. त्यांनी तिचं नाव 'जमीला' केलं. (इजिप्तचा राजा फिरऔन याची पुण्यवान बायको आसिया, ती वेगळी. अरबीत ती दोन नावं वेगळ्या अक्षरांनी लिहितात, देवनागरीत मात्र सारखी दिसतात. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी आसिया असेल तर तिला घाबरवू नका.) 'बर्रा' हे नाव, म्हणजे पुण्यशील, हेसुद्धा त्यांनी बदललं, कारण त्यात स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिल्यासारखं होतं, एका बर्राची जुवैरिया झाली, एकीची जैनब. इतक्या बारकाईने नावं पाहणाऱ्या माणसाच्या घरात जवळजवळ पंचवीस वर्षं खदीजा हे नाव रोज उच्चारलं जात होतं. ते कधी बदललं गेलं नाही. त्या गेल्यानंतरही ते त्यांच्याच आठवणी काढत आणि बकरं कापलं की त्यातला वाटा आवर्जून खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. यात अशुभ असतं, तर हे असं झालं असतं का?

हे नाव फक्त बायकांचंही नव्हतं. प्रेषितांचे एक सहकारी राफे इब्न खदीज, म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव खदीज. जन्माच्या वेळेवरून, प्रसंगावरून नाव ठेवायची रीत त्या समाजात रुळलेली होती. आपल्याकडे नाही का, आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू ठेवायचे. मूल जगावं ही आईबापांची तळमळ त्या नावातून दिसते.

पण सगळीच अशी नावं निरुपद्रवी असतात असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात आपण 'नकुशा' नाव पाहिलंय. मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, आणि ते करायलाच हवं होतं. कारण त्या नावामागे नकार होता आणि मुलींना तो रोज ऐकावा लागत होता. तुमच्या घरात काय आहे? एक आजी आपल्या आईचं नाव नातीला देऊ पाहते आहे. एवढी हवीशी पोर दुसरी कुठली असणार? नावाचा परिणाम होतो तो हाक मारणाऱ्याच्या मनात काय आहे त्याचा. तुमच्या घरी ते मन स्वच्छ आहे.

खदीजा नावाच्या बायका पुढे काय काय झाल्या, हेही लेकीला सांगायला तुमच्याजवळ असू द्या. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता मालदीवला पोचला तेव्हा गादीवर खदीजा नावाची सुलताना होती, आणि बाई राज्य करते याचं त्याला केवढं नवल वाटलं ते त्याने लिहून ठेवलंय. आपल्या जवळचं उदाहरण तर शाळेच्या इतिहासात असून आपल्या लक्षात येत नाही. विजापूर दरबारची 'बडी बेगम', जिच्या कारभारात 1659 साली अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून आला, तिचं नाव खदीजा सुलताना. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही घराण्यातली मुलगी, मुहम्मद आदिलशहाची राणी. 1656 साली नवरा गेल्यावर दुसऱ्या अली आदिलशहाच्या सुरुवातीच्या काळात राज्याचा कारभार तिने पाहिला. दख्खनी भाषेत 'खावरनामा' हे मोठं काव्य तिने रुस्तमी या कवीकडून करवून घेतलं, आणि पुढे डच जहाजातून हजला गेली. महाराजांच्या शत्रुपक्षातली असली तरी बाई कर्तबगार होती, हे नाकारता येत नाही. तुर्कस्तानात हेच नाव 'हातिजे' होतं, बोस्नियात 'हातिजा', इराणात 'खदीजे', सेनेगलमध्ये 'खादी', गिनीमध्ये 'कादियातू'. आणि आपल्या कोकणात खतिजा. तुमच्या आजेसासूबाईंचं खतिजाबी हे बिघडलेलं रूप नाही. ज्या त्या मातीत नाव असंच रुजतं.

आता घरातलं. नावाच्या अर्थाइतकाच हा भाग मला नाजूक वाटतो.

सासूबाई गप्प आहेत, याचा अर्थ त्या रुसल्या असा लावू नका. आपल्या आईच्या नावाला 'अपूर्ण' म्हटलेलं ऐकलं त्यांनी, आणि तेही घरच्या माणसाच्या तोंडून. त्यांना एकट्याला गाठून विचारा, 'अम्मी, नानी कशा होत्या?' (तुम्ही त्यांना जे म्हणत असाल ते म्हणा.) खतिजाबी काय करायच्या, कुठून आल्या, किती बाळंतपणं झाली, किती लेकरं हाती लागली. त्या काळच्या कोकणात घरीच बाळंत होणाऱ्या बाईने दिवस न भरलेली पोरं पाहिलीच असणार, कधी कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवून जगवलीही असतील. ते ऐकल्यावर नाव तुमच्या मनात कुठे बसतं ते बघा. आणि वर उंटिणीचं जे सांगितलं, ते नणंदेला तुम्ही स्वतः सांगा, सासूबाईंच्या देखत सांगू नका. ती चुकली असं तिला वाटायला नको. इनाया हेही चांगलं नाव आहे, काळजी घेणं, कृपा असा त्याचा अर्थ. आत्याने हौसेने सुचवलंय तर आत्या त्या नावाने हाक मारू दे. घरातली दोन नावं पोराला कधी जड होत नाहीत. किंवा खदीजा कागदावर ठेवून घरात कुब्रा, ताहिरा म्हणा. दोन्ही त्याच बाईंच्या उपाध्या आहेत.

मिस्टरांना मात्र यातून मोकळं सोडू नका. 'तुम्ही बायका ठरवा' हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण मुलीचा बाप म्हणून त्यांनीही एक नाव मनापासून म्हटलं पाहिजे. रात्री बाळ झोपल्यावर दोघं बसा आणि दोन्ही नावांनी तिला हाक मारून बघा.

एवढं सगळं वाचूनही, खदीजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ती पेटीच येत असेल, तर नाव ठेवू नका. तोही रास्त निर्णय आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. आईला ज्या नावाने हाक मारताना धडकी भरते ते नाव लेकीला कशाला? फक्त मग सासूबाईंना कारण खरं सांगा : नाव वाईट म्हणून नव्हे, माझं मन अजून सावरलं नाही म्हणून. खतिजाबींचं नाव दुसऱ्या नावाच्या जोडीला लावता येतं, पुढच्या नातवंडालाही देता येतं.

घाई कसलीच नाही. कायद्याने जन्माची नोंद 21 दिवसांत द्यावी लागते, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत ती सोय आहे. अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्तची कुर्बानी, सातव्या दिवशी करायची रीत असली तरी बाळ दवाखान्यात असताना ते जमत नाही, आणि नंतर केला तरी चालतो. तुमच्या मौलवीसाहेबांना विचारून सोयीचा दिवस घ्या. जावळ उतरवायचं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारून. दिवस न भरलेल्या बाळाचं डोकं उघडं पडलं की अंग लवकर गार पडतं, आणि कातडीही नाजूक असते. बिनघाईने, स्वच्छ वस्तऱ्याने, टाळू सांभाळून.

नाव खदीजा ठरलं तर नोंदवताना एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे कुणी खदीजा लिहितं, कुणी खदिजा, कुणी खतिजा, आणि इंग्रजीत तर आणखी चार तऱ्हा. जन्मदाखल्यावर जे मराठी आणि इंग्रजी रूप जाईल तेच आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि पुढे पासपोर्टवर गेलं पाहिजे. कारकुनाला तोंडी सांगू नका. दोन्ही लिप्यांत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी एकेक अक्षर वाचून घ्या.